बिनउंदराचा पिंजरा : आहारवर्तन प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२४

संस्थेच्या प्राणी नीती समितीने मागवलेले शेवटचे स्पष्टीकरण मान्य झाल्याचे पत्र आज मिळाले. समितीने विचारलेला मुख्य प्रश्न एकच होता आणि तो रास्त होता : उंदीर हा सोबतीने राहणारा प्राणी असताना त्याला बारा आठवडे एकट्याने का ठेवायचे? आमचे उत्तर असे की एका पिंजऱ्यात दोन उंदीर असले तर खाद्याच्या वजनाचा आकडा एकच मिळतो, आणि त्यातले कोणी किती खाल्ले हे कोणत्याही गणिताने नंतर वेगळे करता येत नाही. म्हणून उंदीर एकेकटे राहतील. मात्र पिंजरे पारदर्शक आणि शेजारी शेजारी असतील, प्रत्येकात घरटे करण्यासाठी कागदी साहित्य आणि लपायला एक नळी असेल, आणि एखाद्याचे वजन १० टक्क्यांनी घटले तर त्याच दिवशी पशुवैद्यांना कळवून त्या उंदरापुरता प्रयोग थांबवला जाईल.

पुढच्या वाचकासाठी एक खुलासा. मराठीत माऊस आणि रॅट या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. या वहीत 'उंदीर' म्हणजे फक्त माऊस. रॅटचा उल्लेख आला तर तसा वेगळा केलेला असेल. प्रयोगातले बाराही उंदीर सी५७बीएल/६जे या स्ट्रेनचे (प्रयोगशाळेत जोपासलेल्या वाणाचे) आहेत, सहा नर आणि सहा माद्या. या स्ट्रेनची मुळे १९२१मध्ये क्लॅरेन्स कुक लिटल यांनी केलेल्या संकरांत आहेत, आणि आहार व स्थूलता यांवरचे जगभरातले इतके काम याच उंदरांवर झालेले आहे की तुलना करायला दुसरी स्ट्रेन घेणे म्हणजे सुरुवातीलाच स्वतःची वाट अवघड करणे होते.

उंदराला चरबीयुक्त खाद्य दिले की तो लठ्ठ होतो, हे नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही. आम्हाला पाहायचे आहे ते त्याच्या खाण्याचे वेळापत्रक : दिवसरात्रीच्या कोणत्या तासाला तो खातो, किती वेळा खातो, एका वेळी किती खातो, आणि खाद्य बदलल्यावर यांपैकी नेमके काय आधी बदलते. उंदीर निशाचर आहे; साधे खाद्य मिळत असताना तो दिवसभराच्या खाण्याचा साधारण ७० ते ८० टक्के भाग अंधारात खातो. खोलीतले दिवे सकाळी ७ला लागतात आणि संध्याकाळी ७ला विझतात, म्हणजे आमचे कामाचे तास ही त्यांची झोपेची वेळ आहे, ही गोष्ट बारा आठवडे लक्षात ठेवावी लागेल.

५ जून

उंदीर आठ आठवड्यांचे आहेत. नर २२ ते २४ ग्रॅमचे, माद्या १७ ते १९ ग्रॅमच्या. किमान एक आठवडा कोणतीही नोंद न घेता त्यांना खोलीची सवय होऊ द्यायची आहे.

शेपटीने उचलायचे नाही, असे प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितले. लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये दाखवून दिले की नळीत शिरवून किंवा ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर शेपटीने उचललेल्यांपेक्षा कमी भेदरलेले असतात. ज्या प्राण्याचे रोज वजन करायचे आहे आणि भेदरल्यावर जो खाणे थांबवतो, त्याच्या बाबतीत हा केवळ दयेचा भाग राहत नाही, मोजमापाचा होतो. प्राणिगृहातल्या काकांना शेपटीची जुनी सवय आहे. तरीही त्यांनी आज बाराही उंदीर नळीतून हलवून दाखवले, आणि चौथ्या पिंजऱ्यापासून त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईने चालत होता.

११ जून

हॉपरमधल्या, म्हणजे पिंजऱ्यातल्या खाद्याच्या जाळीदार पात्रातल्या, खाद्याचे पहिले २४ तासांचे वजन घेतले. तराजू शतांश ग्रॅमपर्यंत वाचतो. प्रत्येक वेळी आधी प्रमाणित वजन ठेवून तपासला.

क्र. ३ : ४.१ ग्रॅम. क्र. ७ : ३.६ ग्रॅम. हे आकडे अपेक्षेप्रमाणे आहेत, कारण प्रौढ उंदीर दिवसाला साधारण ३ ते ५ ग्रॅम खाद्य खातो. क्र. ९ या मादीच्या हॉपरमधून मात्र ६.८ ग्रॅम खाद्य कमी झाले होते. तिचे स्वतःचे वजन १८ ग्रॅम आहे. एका दिवसात तिने स्वतःच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक वजनाचे अन्न खाल्ले असेल हे पटण्यासारखे नव्हते. पिंजरा रिकामा करून तळाचा भुसा चाळला तेव्हा त्यात जवळजवळ तीन ग्रॅम चुरा सापडला. ती खाद्य कुरतडते आणि खाली पाडते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि त्याला काही ना काही कुरतडावेच लागते, त्यामुळे तिचा हा दोष नव्हे. दोष माझ्या शीर्षकाचा होता. वहीत त्या रकान्याला मी 'खाल्लेले खाद्य' असे नाव दिले होते. आज ते खोडून 'हॉपरमधून गेलेले खाद्य' असे लिहिले, आणि त्याच्या शेजारी 'चुरा' आणि 'खाल्लेले' असे दोन नवे रकाने आखले.

१४ जून

चुरा चाळण्यात तीन दिवस गेले आणि एक वेगळीच अडचण समोर आली. आपल्याकडच्या अनेक प्राणिगृहांप्रमाणे इथेही पिंजऱ्याच्या तळाशी मक्याच्या कणसाचा भुसा घालतात. त्याचे दाणे आणि खाद्याचा चुरा आकाराने इतके सारखे असतात की चाळणी त्यांना वेगळे करू शकत नाही. हे मी काकांजवळ बोलले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, हा भुसासुद्धा ते खातात. खाद्य काढून घेतलं की जास्तच." नंतर वाचन केले तेव्हा हेच इतरत्रही नोंदलेले आढळले : कणसाचा भुसा उंदीर खातात, आणि उपाशी ठेवलेला उंदीर प्रत्यक्षात उपाशी राहत नाही.

काकांनी हे कित्येक वर्षे पाहिले होते, पण त्यांना ते कोणी विचारले नव्हते. पद्धतीच्या टिपणात त्यांच्या निरीक्षणाचा उल्लेख करायचा असे मॅडमशी बोलून ठरवले. सर्व पिंजऱ्यांत सोमवारपासून कागदाचा पांढरा भुसा. आतापर्यंतच्या तीन दिवसांच्या नोंदी सरावाच्या म्हणून बाजूला ठेवल्या.

१९ जून

काल रात्री साडेदहाच्या सुमारास वातानुकूलन बंद पडले आणि पहाटे पाचपर्यंत बंद राहिले. खोलीचे तापमान एरवी २२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तापमापीच्या नोंदीत रात्री २९ अंशांपर्यंतची चढण दिसते. सकाळी आले तेव्हा सर्व उंदीर घरट्याबाहेर अंग पसरून पडलेले होते, एरवी ते घरट्यात गोळा होऊन झोपतात. पशुवैद्यांनी सर्वांना तपासले. कोणालाही इजा नव्हती, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या होत्या.

खाद्याचे वजन केले तेव्हा बारापैकी अकरा उंदरांनी आदल्या रात्रीपेक्षा कमी खाल्ले होते, बहुतेकांनी चौथ्या-तिसऱ्या हिश्शाने कमी. माझी पहिली समजूत अशी झाली की उकाड्याने त्यांची भूक मेली. मॅडमनी ही समजूत उलटी करून दाखवली. उंदराच्या शरीराला ऊब टिकवण्यासाठी वेगळी ऊर्जा खर्च करावी लागत नाही असे तापमान ३० अंशांच्या आसपास असते. आपल्याला सुखावह वाटणाऱ्या २२ अंशांच्या खोलीत हा एवढासा प्राणी सतत गारठलेला असतो आणि अंग तापवण्यासाठी खात असतो. म्हणजे काल रात्री तो आजारी पडून कमी खात नव्हता. त्याला ज्या ऊर्जेची गरजच उरली नाही ती तो घेत नव्हता. आपण रोज ज्याला 'सामान्य आहार' म्हणून लिहीत होतो, त्यातला मोठा वाटा थंडीचा आहे.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकात वाचणे आणि अकरा हॉपरमध्ये एका रात्रीत उतरलेली पाहणे यांत फार अंतर आहे. त्या रात्रीच्या नोंदी पुसायच्या नाहीत. त्यांवर खूण करून मुख्य विश्लेषणातून वगळायच्या आणि परिशिष्टात ठेवायच्या, असे ठरले. एकट्या ठेवलेल्या उंदराला दुसऱ्याच्या अंगाची ऊबही मिळत नाही, म्हणून प्रत्येक पिंजऱ्यातले घरट्याचे कागदी साहित्य वाढवून ८ ग्रॅम केले. चांगले घरटे बांधणारा उंदीर त्यामुळे कमी खाईल, हे मान्य आहे. पण ते बाराही जणांना सारखेच मिळणार आहे.

२५ जून

रात्रीच्या प्रकाशाची तपासणी. दिवे विझल्यावर वीस मिनिटे खोलीत अंधारात उभी राहिले, म्हणजे डोळे सरावले. दाराच्या खालच्या फटीतून येणारी व्हरांड्याच्या ट्यूबलाइटची रेघ आणि स्टॅबिलायझरवरचा हिरवा ठिपका, या दोन गोष्टी दिवसा कधीच जाणवल्या नसत्या. फटीला रबरी पट्टी लावली, ठिपक्यावर काळी चिकटपट्टी. २०१०मध्ये लॉरा फॉन्केन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रात्री केवळ ५ लक्स इतका मंद प्रकाश ठेवलेल्या उंदरांचे खाणे दिवसाकडे सरकले आणि त्यांचे वजन वाढले. आपल्याला जो बदल खाद्यामुळे होतो की नाही हे पाहायचे आहे, नेमका तोच बदल दाराच्या फटीतूनही आत येऊ शकतो.

रात्री आत जावे लागलेच तर लाल दिवा वापरायचा. लाल प्रकाश उंदराला अगदी कमी दिसतो.

१ जुलै

आजपासून सर्वांना प्रमाणित खाद्य सुरू केले, ज्यात १० टक्के ऊर्जा चरबीतून येते. दोन आठवड्यांनी सहा जणांना ६० टक्के ऊर्जा चरबीतून देणारे खाद्य मिळेल. दोन्ही खाद्यांत साखरेचे प्रमाण सारखेच, ऊर्जेच्या ७ टक्के, असावे यासाठी मी आग्रह धरला होता. अनेक प्रयोगांत तुलनेसाठी प्राणिगृहातले रोजचे धान्याचे खाद्य देतात. पण त्यात तंतू, प्रथिनांचा स्रोत, सोयाबीनमधली संप्रेरकांसारखी द्रव्ये असे सगळेच वेगळे असते, आणि मग जो फरक दिसतो तो चरबीचा म्हणून सांगण्याचा अधिकार राहत नाही.

जेवणांच्या वेळा नोंदवण्यासाठी क्र. २, ७ आणि ११ यांच्या पिंजऱ्यांत स्वयंचलित खाद्ययंत्रे चाचणीसाठी बसवली. अलेक्साय क्राविट्झ यांच्या प्रयोगशाळेने खुली केलेली ही रचना आहे. भाग त्रिमितीय छपाईने तयार करता येतात. यंत्र २० मिलिग्रॅमची एक गोळी पुढे ठेवते, उंदराने ती उचलली की वेळ नोंदवते आणि पुढची गोळी सोडते. एका रात्रीत सेकंदापर्यंतच्या शेकडो वेळा मिळतात. उंदीर दिवे विझल्यानंतर लगेच आणि पुन्हा पहाटे दिवे लागण्याच्या आधी असे दोनदा जोराने खातो, हे दोन्ही उंचवटे पहिल्याच रात्रीच्या आलेखात स्पष्ट दिसले.

९ जुलै

ही नोंद लिहायला जड जाते आहे.

काल रात्री क्र. ११च्या यंत्रात गोळी अडकली. शेवटची उचललेली गोळी रात्री ९ वाजून ४० मिनिटांची आहे. मी सकाळी ७ला दार उघडले. म्हणजे उंदीर ज्या वेळात सर्वांत जास्त खातो त्या अंधाराचे ९ तास २० मिनिटे हा नर अन्नावाचून होता. तो कोपऱ्यात पाठ वाकवून बसला होता, हाताला गार लागत होता. उपाशी उंदीर शरीराचे तापमान खाली आणून ऊर्जा वाचवतो, आणि तो बहुधा त्याच अवस्थेत गेला होता. काल संध्याकाळी २४.६ ग्रॅम असलेले वजन २२.३ झाले होते, म्हणजे ९ टक्क्यांहून थोडी जास्त घट. समितीने आखलेल्या मर्यादेच्या आत आहे, असे म्हणून हा विषय संपत नाही. पशुवैद्यांना लगेच बोलावले, पिंजरा अर्धा उबदार पाटावर ठेवला, खाद्य तळाशीच पसरून दिले. अर्ध्या तासात तो खायला लागला. संध्याकाळी वजन २४.१.

कारण शोधले. पावसाळी हवेत गोळ्या ओलावा शोषतात, थोड्या फुगतात, त्यांची पूड यंत्राच्या फिरत्या चकतीखाली साठते. यंत्रावर गोळी अडकल्याची सूचना येत होती, पण ती छोट्या पडद्यावर, बंद खोलीत, रात्री. ती पाहणारे कोणी नव्हते, आणि तशी व्यवस्था न करता यंत्र रात्रभर चालू ठेवणे हा माझा निर्णय होता. समितीला लेखी कळवले. शिवाय चरबीच्या खाद्याच्या गोळ्या याहून मऊ आणि चिकट असतात. त्या यंत्रात याहून जास्त अडकणार. म्हणून ही यंत्रे या प्रकल्पातून काढली. त्याऐवजी हॉपर भारमापक संवेदकाला टांगून दर दहा सेकंदांनी त्याचे वजन नोंदवायचे ठरले. त्यात अन्न कधीच बंद होत नाही. काही बिघडलेच तर फक्त नोंद बिघडते, आणि बिघाड व्हायचाच असेल तर तो या बाजूलाच व्हावा.

१५ जुलै

टांगलेले बारा हॉपर आठवडाभर तपासून झाले. मॅडमच्या सूचनेवरून एक तेरावा पिंजरा मांडला आहे : तोच भुसा, तेवढेच घरट्याचे कागद, तसाच टांगलेला हॉपर, त्यात ४० ग्रॅम प्रमाणित खाद्य, फक्त उंदीर नाही. संवेदकाचे वाचन तापमानाने सरकते, आणि ते किती सरकते हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

आज दुपारी ४ वाजता तीन नर आणि तीन माद्यांना ६० टक्क्यांचे खाद्य दिले. ते निळ्या रंगाचे असते आणि हाताला तुपकट लागते. शीतपेटीत ठेवावे लागते आणि हॉपरमधले दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते, नाहीतर चरबीला खवट वास येतो आणि उंदीर ते टाळू लागतो.

२३ जुलै

पहिल्या आठवड्याचा हिशेब. क्र. ४ हा नर बदलाच्या आधी दिवसाला सुमारे ३.७ ग्रॅम खात होता. प्रमाणित खाद्याच्या एका ग्रॅममध्ये ३.८५ किलोकॅलरी असतात, म्हणजे त्याची ऊर्जा झाली १४.२. निळे खाद्य मिळाल्यावर पहिल्या २४ तासांत त्याने ४.२ ग्रॅम खाल्ले, आणि त्याच्या एका ग्रॅममध्ये ५.२४ किलोकॅलरी असल्यामुळे ती २२ किलोकॅलरी झाली. आठवड्याअखेर तो २.९ ग्रॅमवर उतरला आहे. वहीचा ग्रॅमचा रकाना पाहणाऱ्याला तो कमी खाऊ लागला असेच वाटेल. ऊर्जेचा रकाना १५.२ दाखवतो. शरीर आपला तोल सावरू पाहते आहे, पण पूर्वीच्या पातळीच्या थोडे वरच थांबते आहे. हा थोडासाच रोजचा अधिकचा भाग पुढे वजनात कसा उतरतो ते दिसेल.

आणखी एक. मऊ खाद्याचे तुकडे घरट्यात नेऊन ठेवण्याची सवय क्र. ८ आणि १० यांना लागली आहे. साठवलेले अन्न हॉपरमधून गेलेले असते, पण खाल्लेले नसते. आणि नंतर ते केव्हा खाल्ले हे संवेदकाला कळत नाही. या दोन माद्यांच्या जेवणाच्या वेळा विश्लेषणात घेता येणार नाहीत, दिवसाची बेरीज मात्र घेता येईल. हॉपरची जाळी थोडी बारीक करून पाहते आहे.

२६ जुलै

काल पुण्यात झालेल्या मुसळधार पावसात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आमच्याकडे वीज गेली, जनित्रावर दिवे आणि हवा खेळवणारे पंखे चालले, परंतु वातानुकूलन दुपारपर्यंत सुरू होऊ शकले नाही. बाहेर हवा थंड असल्याने खोलीचे तापमान २४ अंशांच्या वर गेले नाही, मात्र आर्द्रता ८८ टक्क्यांपर्यंत चढली.

आणि तेराव्या पिंजऱ्यातल्या हॉपरचे वजन ०.३१ ग्रॅमने वाढले.

अन्न वाढले नाही, त्याने पाणी शोषले. म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यातल्या उंदराने ३.५ ग्रॅम खाल्ले असेल तर आमचा आलेख ३.२ च्या आसपास दाखवणार. जवळपास ९ टक्क्यांची चूक, आणि तीही सगळ्या पिंजऱ्यांत सारखी असल्यामुळे सरासरी काढून नाहीशी न होणारी. थोडा वेळ मी एवढ्यावरच समाधान मानले की सर्वांना सारखीच दुरुस्ती लावता येईल. मग निळ्या खाद्याचा एक वजन केलेला तुकडा उघड्या बशीत ठेवून पाहिला, तेव्हा ध्यानात आले की चूक सारखी नाही. प्रमाणित खाद्यात पिष्ट भरपूर असते आणि ते ओलावा धरते. चरबीच्या खाद्यात पिष्ट जवळजवळ नसतेच. निळ्या खाद्याने त्याच्या तुलनेत तिसऱ्या हिश्शाइतकाही ओलावा घेतला नाही. म्हणजे पावसाळ्यात आमच्या पद्धतीने मोजले तर प्रमाणित गट खरा जेवढा खातो त्याहून कमी खातो असे दिसेल, निळा गट साधारण बरोबर दिसेल, आणि दोन गटांत जो फरक आम्हाला सापडावा असे मनातून वाटते आहे तोच फरक निव्वळ दमट हवेतून तयार होईल. माझ्या अपेक्षेच्या विरुद्ध जाणारी चूक असती तर ती मी पहिल्याच आठवड्यात शोधली असती. अपेक्षेला धरून येणारी चूक बारा दिवस शांतपणे हॉपरमध्ये बसून राहिली.

आज चौदावा पिंजरा मांडला. रिकामा, निळ्या खाद्याचा. १५ जुलैपासूनच्या प्रमाणित गटाच्या नोंदी तेराव्याच्या वाचनाने दुरुस्त करता येतील. निळ्या गटाच्या त्या काळातल्या नोंदींना अनुमानाची दुरुस्ती लावावी लागेल, आणि ती अनुमानाची आहे हे स्पष्ट लिहावे लागेल.

२ ऑगस्ट

पंधरवड्याच्या चर्चेसाठी पूर्वपीठिका तयार केली. त्यातला आमच्या कामाला थेट लागणारा भाग इथे नोंदवते.

भुकेची जागा मेंदूत शोधण्याच्या इतिहासात एका भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञाचे नाव अगदी पायाशी आहे. बाल कृष्ण आनंद यांनी १९५१मध्ये येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासह दाखवले की रॅटच्या हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या एका भागाच्या) बाजूच्या एका लहान भागाला दोन्हीकडे इजा केली की तो प्राणी खाणेच सोडून देतो. नंतर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्र विभाग उभा करणारे हेच आनंद. दुसरीकडे अमेरिकेतल्या बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९मध्ये आपोआप निपजलेले अतिलठ्ठ उंदीर सापडले. तिथल्याच डग्लस कोलमन यांनी वेगवेगळ्या लठ्ठ उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांशी जोडून असा निष्कर्ष काढला की रक्तातून फिरणारा तृप्तीचा एखादा संदेश असला पाहिजे. तो संदेश म्हणजे लेप्टिन. त्याचे जनुक जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४मध्ये शोधले. हे संप्रेरक मुख्यतः चरबीच्या पेशींतून स्रवते. मला या कथेत मोठे वाटते ते कोलमन यांचे धैर्य : जे द्रव्य हाती लागलेले नव्हते त्याच्याविषयी, उंदीर किती खातो आणि किती सुकतो एवढ्यावरून, ते ठामपणे बोलले.

आमच्या रोजच्या कामाशी जवळचा संबंध आहे तो भूक चेतवणाऱ्या एजीआरपी चेतापेशींच्या शोधाचा. हायपोथॅलॅमसच्या तळाशी असलेल्या या पेशी प्रकाशाने चेतवल्या तर पोट भरलेला उंदीरही काही मिनिटांत खायला लागतो, हे २०११मध्ये स्कॉट स्टर्नसन यांच्या गटाने दाखवले. त्याहून विस्मयकारक गोष्ट २०१५मध्ये झॅकरी नाइट यांच्या गटाने पाहिली : उपाशी उंदराच्या या पेशी अन्न नुसते समोर दिसताच, वास येताच, पहिला घास घेण्याच्या आधीच शांत होऊ लागतात. हे वाचल्यावर मी आमची खाद्य बदलण्याची वेळ तपासली. कधी दुपारी ३, कधी ५, एकदा संध्याकाळी साडेसहा. ताज्या खाद्याचा वास आणि झाकण उघडल्याचा आवाज हा उंदरासाठी स्वतंत्र संकेत आहे, आणि तो आम्ही मनाला येईल तेव्हा देत होतो. आजपासून खाद्य दुपारी ४लाच बदलायचे. सुट्टीच्या दिवशीही.

९ ऑगस्ट

दुरुस्त केलेले आलेख प्रथमच सलग पाहिले.

निळ्या गटातल्या चार उंदरांमध्ये दिवसाचे खाणे वाढले आहे. क्र. ४ आधी दिवसाउजेडी क्वचितच उठायचा; आता दर दीड-दोन तासांनी उठून थोडेसे खाऊन पुन्हा झोपतो. रात्रीचे दोन उंचवटे ओसरून सपाट होऊ लागले आहेत. २००७मध्ये कोहसाका आणि सहकाऱ्यांनी हेच नोंदवले होते, त्यामुळे हे नवे नाही, पण आमची मांडणी बरोबर चालली आहे याची ती खूण आहे. याचा अर्थ किती गंभीर असू शकतो हे नंतरच्या दोन प्रयोगांवरून कळते : चरबीचे खाद्य केवळ उजेडाच्या वेळात मिळालेले उंदीर केवळ अंधारात मिळालेल्यांपेक्षा जास्त जाड झाले (२००९), आणि साल्क संस्थेतील सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने तेच खाद्य रात्रीच्या आठ तासांपुरते मर्यादित ठेवले तेव्हा, ऊर्जा तेवढीच घेऊनही, उंदीर बऱ्याच अंशी वाचले (२०१२).

आम्हाला पाहायचा असलेला क्रम आता थोडा दिसतो आहे. क्र. ४, ५ आणि १२ यांच्यात आधी एका वेळचे खाणे लहान झाले आणि वेळा वाढल्या, आणि दिवसाचे खाणे त्यानंतर तीन-चार दिवसांनी वाढले. पण हे विधान करण्याआधी 'एक वेळचे खाणे' कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते. मध्ये पाच मिनिटांचा खंड पडला की जेवण संपले असे धरले तर क्र. ४ने काल १९ वेळा खाल्ले. दहा मिनिटांचा खंड धरला तर १३ वेळा. उंदराने काहीच बदलले नाही, व्याख्या बदलली. दोन्ही व्याख्यांनी क्रम तोच राहतो का, हे पाहिल्याशिवाय यावर एक ओळही लेखात जाणार नाही.

१६ ऑगस्ट

गणपती ७ सप्टेंबरला आहेत आणि संस्थेमागच्या मैदानावर ढोलताशा पथकाचा सराव सुरू झाला आहे, संध्याकाळी सात ते नऊ, म्हणजे नेमका आमच्या उंदरांच्या पहिल्या जेवणाचा वेळ. माझ्या स्वतःच्या शाळेतल्या मैत्रिणी त्या पथकात आहेत, त्यामुळे सराव बंद करा असे म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न हा की आमच्या नोंदींवर त्याचा परिणाम होतो का. उंदराचे कान आपल्याहून फार वरच्या पट्टीचे आहेत. १५ ते २० किलोहर्ट्झच्या आसपास त्याला सर्वांत बारीक ऐकू येते, ढोलाचा खर्ज त्याला जवळजवळ ऐकूच येत नसावा. ताशाची गोष्ट वेगळी, आणि जमिनीतून येणारी थरथर आणखी वेगळी. संवेदकांच्या नोंदीत ती थरथर स्पष्ट दिसते, तेराव्या आणि चौदाव्या पिंजऱ्यांतही. रिकाम्या पिंजऱ्यात खाणारे कोणी नसल्यामुळे तिथे दिसणारे प्रत्येक 'जेवण' खोटे आहे, एवढे धरून चालता येते. काल रात्री चौदाव्यात अशी दोन खोटी जेवणे निघाली. मांडणीखाली रबराचे जाड गट्टू बसवले; आज एकही नाही. सरावाच्या आणि सुट्टीच्या दिवसांची पहिल्या दोन तासांची तुलना पुढे करायची आहे.

२३ ऑगस्ट

माद्यांच्या नोंदींत दर चार-पाच दिवसांनी एका रात्री खाणे कमी होते. हा त्यांच्या ऋतुचक्राचा परिणाम आहे. माजाच्या सुमारास उंदरीण कमी खाते. नेमकी अवस्था कळण्यासाठी रोज नमुना घ्यावा लागतो, आणि त्या हाताळणीने खाण्यावरच परिणाम होईल, म्हणून आम्ही तो घेतलेला नाही. 'माद्यांमुळे आकडे अस्थिर होतात' असे म्हणून अनेक वर्षे फक्त नरांवर प्रयोग होत आले. आमच्याकडे क्र. ८ आणि १०ची साठवणूक वगळली तर माद्यांची रोजची चढउतार नरांपेक्षा जास्त नाही. ती फक्त एका लयीत आहे, आणि लय ओळखू आली की ती हिशेबात धरता येते.

२९ ऑगस्ट

नोंदींचा शेवटचा दिवस. क्र. ४ आज ३४.२ ग्रॅम, त्याचा प्रमाणित गटातला जोडीदार क्र. ३ आज २८ ग्रॅम. क्र. ११ पूर्ण बरा राहिला. ९ जुलैनंतर त्याच्या खाण्यात कोणतीही विकृती दिसली नाही. तो प्रमाणित गटात असल्याने त्याचे आकडे गटात घेता येतील का, हे समितीच्या पशुवैद्य सदस्यांना विचारले आहे. मंजुरीच्या नियमांत बसत असले तरी त्या रात्रीचा त्याच्यावर परिणाम झाला नाही असे मी एकटीने ठरवू नये.

खंडाच्या दोन्ही व्याख्यांनी तपासणी झाली. पाच मिनिटांच्या व्याख्येने क्रम टिकतो. दहा मिनिटांच्या व्याख्येने क्र. ५ मध्ये तो टिकत नाही. सहा उंदीर, त्यांतल्या दोघींच्या वेळा वगळलेल्या; उरलेल्या चारपैकी तिघांत एका व्याख्येने दिसलेला आणि दोघांतच दोन्ही व्याख्यांनी टिकलेला क्रम, एवढेच आज लिहिता येते, आणि तेवढेच लिहिले आहे. पुढच्या तुकडीसाठी जास्त उंदरांची मागणी करायची तर ती याच आकड्यांवरून करावी लागेल.

उद्या सकाळी मंजूर पद्धतीने उंदरांचे जीवन संपवून मेंदूचे नमुने घ्यायचे आहेत. पशुवैद्य आठला येणार आहेत. काकांनी आज सर्व पिंजऱ्यांत घरट्यासाठी नवा कागद घातला. शेवटच्या रात्री तो बदलण्याची तशी गरज नव्हती, पण मी काही म्हटले नाही. संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी शेवटची वजने घेतली, चौदाही हॉपरची. तेरावा : ४०.१२ ग्रॅम. चौदावा : ४०.०३ ग्रॅम. सातला दिवे विझले आणि दार लावून घेतले.